हेराल्ड आणि बोअरचं पाणी

गाडी बघायला उदगीरला गेलो, तेव्हा डाळ मिलच्या मालकांनी तिच्याबद्दल एवढंच सांगितलं होतं, "तापायची, सर." मी मान डोलावली आणि लगेच विसरलो. तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवलेला माणूस असं काही ऐकलं की मनात म्हणतो, तुम्हाला जमलं नसेल, आम्हाला जमेल. त्या एका शब्दाचा हिशोब पुढं साडेतीन वर्षं चालला.

डिसेंबर 2020 ची गोष्ट. मी नुकताच रिटायर झालो होतो आणि हातांना काम नव्हतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मिलमधल्या एलिव्हेटरचं काम करताना ही गाडी बघितली आणि मला फोटो पाठवला. तुरीच्या चुनीची पोती छतापर्यंत रचलेली, आणि त्यांच्या फटीतून एक गोल दिवा माझ्याकडं बघायला. बाकी काहीच दिसत नव्हतं. पण त्या दिव्यावरची भुवईसारखी वळलेली पत्र्याची कड मी ओळखली. माझ्या लहानपणी गावात डॉक्टरांची होती तशी. स्टँडर्ड हेराल्ड.

पोती हलवली, गाडी बाहेर आली. 1967 ची, दोन दारांची. टपावर कबुतरांनी सव्वीस-सत्तावीस वर्षं जे काही केलं होतं त्यानं रंग खाऊन पत्र्यापर्यंत मजल मारलेली. वायरिंग उंदरांनी संपवलेलं. मागच्या सीटच्या काथ्यात एक अख्खं घर वसलेलं, त्यातली मंडळी आमच्या डोळ्यांदेखत पळाली. खाली वाकून चासी बघितली तर जवळजवळ ठणठणीत. मुंबईत असती तर आतापर्यंत तिचा भुगा झाला असता. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, रबर मरतं. हात लावला की दाराचं रबर खारीसारखं तुटत होतं.

"शेवटची कधी चालली?" मी विचारलं.

"भूकंपात," मालक म्हणाले. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतरच्या आठवड्यात ते आणि त्यांचे वडील याच गाडीत भाकरीची गाठोडी आणि चादरी घालून तिकडं फेऱ्या मारत होते. तिसऱ्या की चौथ्या फेरीला, निलंग्याच्या जवळ, बॉनेटमधून वाफ निघाली. ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. वडील म्हणाले, बघू नंतर. ते नंतर काही आलं नाही.

पंचाऐंशी हजारांना ठरली. टेम्पोत चढवताना मालकांनी परत एकदा सांगितलं, "पाण्याकडं लक्ष द्या सर, तापायची." दुसऱ्यांदाही मी मान डोलावली.

आता थोडं या गाडीबद्दल, कारण रस्त्यात थांबवून लोक विचारतात, "ही स्पोर्ट्स कार आहे का हो?" खरं उत्तर आहे, नाही. पण सख्ख्या नात्यातली आहे. हेराल्ड 1959 ला इंग्लंडात निघाली, ट्रायम्फ कंपनीची. आकार काढला इटलीच्या जोव्हानी मिकेलॉट्टीनं. 1962 ला त्याच कंपनीनं हिचीच चासी आखूड करून तिच्यावर दोन सीटची उघडी स्पिटफायर बसवली, आणि तिचा आकारही मिकेलॉट्टीचाच. म्हणजे माझी ती स्पिटफायरची थोरली बहीण. लग्न होऊन मद्रासला आलेली. आपल्याकडं 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्समध्ये तयार व्हायची, इंजिन 948 सीसीचं.

घरी काम करणाऱ्याला ही गाडी सोयीची का पडते, त्यामागं एक मजेदार अडचण आहे. 1953 मध्ये इंग्लंडात बॉडी बनवणारा एक मोठा कारखाना बीएमसी या दुसऱ्याच कार कंपनीनं विकत घेतला. मग ट्रायम्फवाल्यांना अख्खी बॉडी एका ठिकाणी करून मिळेना. त्यांनी काय केलं, तर वेगळी दणकट चासी ठेवली आणि बॉडीचे तुकडे करून वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांतून करून घेतले, आणि नटबोल्टनं जोडले. त्या अडचणीचा फायदा साठ वर्षांनी लातूरच्या एका रिटायर मास्तराला झाला. टप, मागचा भाग, पुढचा भाग, सगळं पान्यानं सुटतं. आणि पुढचं नाक तर मडगार्डांसकट अख्खं पुढं कलंडतं. मग टायरवर बसून, स्वयंपाकघरात ओट्याशी बसल्यासारखं इंजिनाचं काम करायचं. माझ्या पाठीला हे फार मानवलं.

पाने मात्र इंची लागतात. आमच्या ट्रेडमध्ये आम्ही पोरांना सूत शिकवायचो. इंचाचे आठ सूत, चार सुती म्हणजे अर्धा इंच. हल्लीच्या पोरांना ते हास्यास्पद वाटतं, सगळं एमएममध्ये. हेराल्डला साडेतीन सुती, चार सुती, साडेचार सुती पाने लागतात, आणि बारा-तेराचा पाना जबरदस्तीनं बसवला की नटाचं डोकं गोल होतं. मालकांच्या आधीच्या मिस्त्र्यांनी निम्मे नट असे गोल करून ठेवले होते. ते छिन्नीनं काढता काढता मी त्या अनोळखी मिस्त्र्यांशी बरंच बोललो. इथं लिहिण्यासारखं नाही.

गाडी ठेवायची कुठं, हा घरातला पहिला तंटा. आमच्या घराशेजारी बारा बाय वीसचं पत्र्याचं शेड आहे. तिथं पाच हजार लिटरची काळी टाकी उभी होती. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते आठवतं ना, त्या वर्षी घेतलेली. मी म्हटलं, टाकी मागं सरकवू. बायको म्हणाली, "अहो, पाण्याची जागा गाडीला देऊ नका." ती ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, शकुन-बिकुन मानत नाही. पण 2016 ला चार वाजता उठून टँकरला पाइप लावलेली बाई आहे. शेवटी टाकी सरकली, पण रिकामी होऊ द्यायची नाही या अटीवर.

पहिलं वर्ष खोलण्यात आणि साफ करण्यात गेलं. ब्रेकचे व्हील सिलिंडर पितळी बुश घालून सारखे केले. क्लच प्लेट पुण्याहून आली. टायरची काळजी होती, पण वॅगनारचं 145/80 आर 13 चपखल बसलं. रंगाबद्दल फार लिहीत नाही. फिकट निळा आहे, पेंटरनं चांगला दिला, औसा रोडच्या धुळीचे चार कण त्यात कायमचे अडकलेत, आणि बघणारे फक्त रंगाबद्दलच बोलतात.

ट्रनियनबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे.

या गाडीचं पुढचं चाक ज्या उभ्या खांबावर वळतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत, आणि ते आटे एका काशाच्या ठोकळ्यात फिरतात. तो ठोकळा म्हणजे ट्रनियन. लोटस एलान नावाची प्रसिद्ध स्पोर्ट्स कार आहे, तिच्याही पुढच्या चाकाला ट्रायम्फचीच ही जोडणी आहे, म्हणजे वाईट कल्पना नव्हे. फक्त तिला ग्रीस चालत नाही. नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, तिथं पाणी साचतं, गंज चढतो, आणि एक दिवस वळणावर खांब मोडून चाक आडवं होतं. हे ट्रायम्फवाल्यांना जगभर ठाऊक आहे. आपल्याकडं ग्रीसचं निपल दिसलं की मिस्त्री गन लावतो. माझ्या दोन्ही ट्रनियनमध्ये कडक झालेलं, गुळाच्या ढेपेसारखं ग्रीस निघालं. खांब वाचले होते, ठोकळे गेले होते.

मी म्हटलं, यात काय, लेथवर करू. एमआयडीसीत माझ्याच एका विद्यार्थ्याचं जॉबवर्कचं युनिट आहे. काशाचा रॉड आणला, जुन्या ठोकळ्यावरून माप घेतलं, दोन दिवस स्वतः उभा राहून दोन ठोकळे केले. काय फिनिश होतं! घरी आणून बायकोला दाखवले, शेजाऱ्यांना दाखवले. उजवीकडचा आणि डावीकडचा ठोकळा बसवायला घेतला, तर एक सरळ फिरत गेला आणि दुसरा पहिल्या आट्यालाच अडला. तेल लावलं, परत अडला. मग उजेडात धरून बघितलं. एका बाजूचे आटे उलटे असतात. दोन्ही चाकांचे वेगवेगळे. आणि मी जुना ठोकळा एकच नेला होता मापाला.

विद्यार्थ्याला फोन केला तर तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, मला वाटलं होतं विचारावं, एक उलटा आहे का म्हणून. पण तुम्ही सर आहात." आटे कापायच्या आधी दोन्ही बाजूंची जोडी तपासा, हे मी फळ्यावर किती वर्षं लिहिलं असेल देव जाणे. तो न बसलेला ठोकळा मी टाकला नाही. शेडमध्ये व्हाइसशेजारी ठेवलाय.

इंजिनाचं काम मी फार मन लावून केलं. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतलं भोक, चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून घेतला, होनिंग करून घेतलं. चारही सिलिंडर मी स्वतः डायल गेजनं वर, मध्ये, खाली, आडवे, उभे मोजले. क्रँक ग्राइंड केला. व्हॉल्व्हच्या सीटा कडक मालाच्या घातल्या, कारण ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली, तेव्हा सीटांना ते शिसंच सांभाळायचं, आणि ते पेट्रोल 2000 सालापासून बंद झालं. दसऱ्याला, 2022 च्या, पूजा करून सेल्फ मारला. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. तो आवाज शिवणयंत्रासारखा, थोडा नाकातला. बायकोनं आपट्याची पानं डॅशबोर्डवर ठेवली. मी तिला म्हटलं, चल औशाला जाऊन येऊ.

औसा वीस किलोमीटर. बाराव्या किलोमीटरला मी नवीन बसवलेल्या तापमानाच्या गेजचा काटा लाल पट्ट्यात गेला. चौदाव्याला वाफ. आम्ही दोघं सणाचे कपडे घालून बाभळीच्या सावलीत पाऊण तास उभे. जाणारा प्रत्येक मोटरसायकलवाला थांबून सांगायचा, "काका, पाणी टाका." पाणी टाकलं. शेजारच्या शेतातल्या बोअरचं. तेही मीच टाकलं, हे आता कबूल करतो.

तिथून माझं एक वर्ष वाया गेलं. ज्याला त्याला कारण ठाऊक असतं. रेडिएटरवाल्यानं सांगितलं कोअर, म्हणजे आतली जाळी, बदला, बदलला. थोडा फरक पडला, म्हणजे बाराऐवजी पंधराव्या किलोमीटरला काटा चढायला लागला. एकानं सांगितलं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून फेका, आपल्या देशात त्याची गरजच नाही. आपल्याकडं हे वेदवाक्य आहे, आणि चुकीचं आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन सकाळी गरमच होत नाही, आणि दुपारी जे व्हायचं ते होतंच. परत बसवला. ठिणगीचं टायमिंग मागं राहिलं की इंजिन तापतं, म्हणून टायमिंग लाइट लावून तपासलं. बरोबर होतं. रेडिएटरचं झाकण नवीन घेतलं, कारण झाकणाचा दाब सुटला की पाणी लवकर उकळतं. हेड गॅस्केट बघितलं. बरोबर. पाण्याचा पंप खोलला. बरोबर.

मध्येच पेट्रोलनं वेगळा तमाशा केला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुन्या पद्धतीचं रबर टिकत नाही. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आणि पेट्रोल गुपचूप इंजिनाच्या तळातल्या चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरायला लागलं. ऑइलची पट्टी काढली तर पातळी वाढलेली! वाढलेलं ऑइल बघून खूश होणारा माणूस फिटर नव्हे, एवढं तरी मला कळलं. वास घेतला, पेट्रोल. पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या मालाच्या बसवल्या. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. त्यातलं बरंचसं उसाचं, आणि ऊस आमच्याही जिल्ह्यातला. प्यायला रेल्वेनं पाणी आणावं लागलं अशा ठिकाणी वाढलेला ऊस माझ्या कार्बोरेटरला येऊन त्रास देतोय, याच्यावर हसावं की काय करावं.

पहिला बरोबर बोलला तो आमच्या रेणापूर नाक्याजवळचा एक म्हातारा मिस्त्री. चाचा म्हणतात सगळे. त्यांनी चालू इंजिनाच्या बाजूला, पुढून मागं, हळूहळू तळहात फिरवला. चौथ्या सिलिंडरपाशी हात झटकन ओढला. "सर, इंजिन तुमचं एक नंबर. पर मागं पानी फिरंनाच." मी म्हटलं, चाचा, पंप बरोबर, कोअर नवा, पाणी फिरणार नाही कसं? ते म्हणाले, "ते मला काय माहीत. हात सांगायला." आणि नमाजाला निघून गेले.

मी चिडून घरी आलो. स्वयंपाकघरात बायको चहाचं पातेलं घासत होती. आमच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो, लातूरमध्ये कोणाच्या घरी धरत नाही? ती दर पंधरा दिवसांनी त्यात लिंबूसत्त्व घालून उकळते. मी चाचांचं बोलणं सांगत होतो, ती घासायची थांबली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या इंजिनात पण पाणीच उकळतंय ना? मग त्याचं पातेलं कोण घासतं?"

मला काही सुचेना. सिलिंडरच्या भोवती जी पाण्याची पोकळी असते, वॉटर जॅकेट, ती मी एकदाही आतून बघितली नव्हती. बोअर शंभराव्या भागापर्यंत मोजला होता. बोअरच्या भिंतीच्या पलीकडं काय आहे ते ना मी बघितलं, ना बोअरिंगवाल्यानं.

त्या रात्री ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या ओतीव ठोकळ्याच्या, बाजूचा पाणी सोडायचा कॉक उघडला. थेंब नाही. तार घातली, तार वाकली. ऑगस्ट 2023 मध्ये इंजिन दुसऱ्यांदा उतरवलं. ब्लॉकच्या बगलेत बशीसारख्या पत्र्याच्या चकत्या ठोकलेल्या असतात, त्या काढल्या. पुढच्या चकतीमागं पोकळी दिसली. मागच्या चकतीमागं भिंत होती. पांढरी, खाली तांबूस, दगडासारखी. नखानं खरवडली तर पावडर, स्क्रू-ड्रायव्हरनं टोचली तर ठक्क. चौथ्या सिलिंडरच्या भोवती पाण्याला जायला बोटाएवढी फट राहिली होती.

बायको टायरवर बसून बघत होती. तिचा तास सुरू झाला. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, तापलं की त्याचं कार्बोनेट होतं, ते विरघळत नाही, जिथं सगळ्यात गरम तिथंच चिकटतं. थर धरला की उष्णता बाहेर जात नाही, म्हणून ती जागा आणखी गरम, म्हणून आणखी थर. ब्लॉकचं मागचं टोक पंपापासून लांब, तिथं पाण्याला वेग कमी, त्यामुळं गंज आणि गाळही तिथंच बसणार. "आणि तुम्ही दर खेपेला त्यात नवीन चुना ओतत होता," असं म्हणून तिनं तास संपवला. उदगीरच्या मिलमध्ये वीस-पंचवीस वर्षं बोअरचंच पाणी ओतलं असणार. तापली की ओत, ओतलं की तापणार.

पुढचे दहा दिवस कारभार तिच्याकडं होता. छिन्नी आणि तारेनं जेवढं निघालं तेवढं मी काढलं. मग चकत्यांच्या जागी लाकडी गुट्ट्या ठोकल्या, घासून तयार केलेल्या सगळ्या भागांना ग्रीस चोपडलं, आणि लिटरला पन्नास ग्रॅम या हिशोबानं लिंबूसत्त्वाचं गरम पाणी ब्लॉकमध्ये भरलं. खायच्या सोड्यावर लिंबू पिळल्यासारखा फसफसत फेस वर आला. फेस थांबला की पाणी बदलायचं. तीनदा, चारदा, पाचदा. रात्रभर ठेवू का म्हटलं तर म्हणाली, नाही, चुना संपला की आम्ल लोखंडाला धरेल. शेवटी सोड्याच्या पाण्यानं धुतलं. हेडमधल्या वाटाही तशाच केल्या. निघालेला सगळा माल मी घमेल्यात वाळवून तोलला. चुना आणि गाळ मिळून नऊशे ग्रॅम. ज्या इंजिनाच्या अख्ख्या पाण्याच्या चक्रात पाच लिटरच्या आसपास पाणी मावतं, त्यातून नऊशे ग्रॅम दगड.

चाचांना घमेलं दाखवायला नेलं. त्यांनी त्यातला एक खडा उचलला, वास घेतला, परत ठेवला. "चाय पिणार?" एवढंच म्हणाले.

आता प्रश्न, गाडीत कोणतं पाणी घालायचं. नळाला पाणी येतं तेव्हा येतं. बोअर बाद. बॅटरीचं पाणी विकत मिळतं. बायको म्हणाली, विकत कशाला, एसीच्या नळीतून दिवसभर जे टपकतं ते हवेतलंच पाणी, त्यात चुना कुठला. नुसतं वापरू नका, धूळ असते आणि असं पाणी धातूला खातं, कापडातून गाळा आणि निम्मं कूलंट घाला. आमच्या घरी एसी नाही. शेजारच्या डॉक्टरांकडं तीन आहेत. त्यांच्या गच्चीवरच्या नळीखाली मी कॅन लावला, तर गल्लीत बातमी पसरली की हेराल्डवाले सर एसीचं पाणी गोळा करतात. आता उन्हाळ्यात फाटकाशी कोणी ना कोणी बाटली ठेवून जातं. चक्र बंद आहे, गाडीला वर्षाला पाच लिटर पुरतात, हे मी सांगून थकलो. शेडमध्ये सध्या एकतीस बाटल्या आहेत. उरलेलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू का विचारलं, तर बायको नाही म्हणाली.

नोंदणीचं थोडक्यात. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं 2021 मध्ये वेगळे नियम केले, नव्यानं नोंदणी करायची तर वीस हजार फी आणि नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. बायकोनं ते वाचून विचारलं, "म्हणजे भाजी आणायला नाही?" नाही. "मग बरंय." खर्चाच्या वहीत एकूण तीन लाख चाळीस हजार लिहिलेत. तो आकडा तिला इथूनच कळेल.

मे 2024 मध्ये, अगदी मुद्दाम मेमध्ये, आम्ही दोघं उदगीरला निघालो. नळेगावमार्गे पासष्ट किलोमीटर. सकाळी लवकर निघा असं सगळे म्हणाले, म्हणून मी नऊ वाजता निघालो. चाळिशी गाठायला आलेली हवा, खिडक्या उघड्या, गरम झोत तोंडावर. नळेगावला काटा मध्यावर. पुढं चढावर, एका ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं पहिल्या गिअरमध्ये दहा मिनिटं गेली, तिथं काटा मध्याच्या केसभर वर गेला आणि परत उतरला. मी रस्ता कमी आणि काटाच जास्त बघत होतो. बायकोनं शेवटी गेजवर रुमाल टाकला. "समोर बघा," म्हणाली.

मिलच्या फाटकात गाडी वळवली. हॉर्न ऐकून मालक आतून आले, मागं दोन हमाल. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. रंग, काचा, नवीन सीट कशाकडंही त्यांचं लक्ष नव्हतं. बॉनेटवर हात ठेवला, उचलला, परत ठेवला.

"तापली नाही?"

"नाही."

"कुठंच नाही?"

"नळेगावच्या पुढं थोडी. पण नाही."

ते काही न बोलता आत गेले. मला वाटलं चहाचं सांगायला गेले असतील. बायको सावलीत खुर्चीवर बसली. मी नाक कलंडवून त्यांना चौथ्या सिलिंडरची बाजू दाखवायला उघडून ठेवलं. तेवढ्यात मागून पावलं वाजली. मालक हातात पितळी तांब्या घेऊन आले होते, काठोकाठ भरलेला, आणि दुसऱ्या हातात रुमाल, रेडिएटरचं झाकण धरायला. लांबून आलेल्या गाडीला आधी पाणी, हे त्यांच्या हाताला तिच्या गेल्या जन्मापासून माहीत.

"थांबा!" मी ओरडलोच. एक तर गरम झाकण, आणि वर मिलच्या बोअरचं पाणी. धावत जाऊन त्यांचा मनगटापाशी हात धरला. थोडं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. ते माझ्याकडं बघायला लागले, हमाल बघायला लागले, आणि पासष्ट किलोमीटर ऊन खाऊन आलेल्या माणसानं पाणी दिलेला हात अडवला, ते काही चांगलं दिसेना.

मग मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला.